आडात नाही ते

१

दुपारी पाऊण वाजला की टकळीची दोन कामं ठरलेली. एक, रेकॉर्डिंगच्या खोलीतला पाण्याचा ग्लास ओतून ताजा, काठोकाठ भरून ठेवायचा. दुसरं, ठीक एक वाजता बॅकअप सुरू झाला की नाही ते स्क्रीनवर बघायचं. मग डबा. ही दोन कामं केल्याशिवाय तिने डबा उघडला असं अकरा वर्षांत झालेलं नाही, मग पोटात कावळे कितीही कोकलोत.

टकळी हे नाव तिच्या बाबांनी पाडलेलं. लहानपणापासून तोंडाची टकळी एकसारखी चालू, म्हणून. घराबाहेर ते कुणाला ठाऊक नव्हतं. केंद्रात सगळे तिला बॅकअपबाई म्हणत, आणि त्यात निम्मं कौतुक नि निम्मा वैताग असायचा.

केंद्र म्हणजे आवाज साठवायचं केंद्र. घशाच्या दुखण्याने ज्यांचा आवाज जाणार असतो, ती माणसं आवाज आहे तोवर इथे येतात. काचेच्या छोट्या खोलीत माइकसमोर बसून ठरलेली सहाशे वाक्यं वाचतात. त्यावरून कॉम्प्युटर त्यांचा आवाज घडवतो. पुढे त्यांनी फोनवर टाइप केलं की फोन त्यांच्याच आवाजात बोलतो. सहाशे पुरी झाली तर माणूस बोलल्यासारखं वाटतं. कमी पडली तर कुणीतरी पत्र्याच्या पिंपात बसून बोलतंय असं. वाचताना घसा कोरडा पडतो, म्हणून तो ग्लास.

ही सगळी रेकॉर्डिंग ज्या डिस्कवर राहतात त्यांची रोज दुसरीकडे प्रत ठेवायची, ही टकळीची नोकरी. "नुसती प्रत घेऊन ठेवू नका, परत आणून बघा. परत आली तरच तो बॅकअप," हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवायची की साफसफाईच्या मावशीसुद्धा फरशी पुसताना ते पुटपुटायच्या.

२

मग एक दिवस त्या काचेच्या खोलीत तिचे बाबाच येऊन बसले.

बाबांनी चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक दुसरा ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवून. त्यांचं म्हणणं असं, की तो ब्रेक दाबलेला शिकणाऱ्याला कळता कामा नये, त्याला वाटलं पाहिजे गाडी आपणच थांबवली. आणि दिवसातून शंभरदा ते एकच सांगायचे, "आरशात बघ, मान वळवू नकोस." घरी जेवतानासुद्धा सांगायचे, तोंडातून सवयीने निघायचं.

आता त्याच घशात गाठ निघाली होती आणि स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं. बाबा घोगऱ्या आवाजात वाक्यं वाचायचे आणि मधेमधे शेरे मारायचे. ती वाक्यं मुद्दाम चमत्कारिक असतात, सगळे आवाज यावेत म्हणून.

"उंटाला छत्री कशाला?" बाबांनी वाचलं आणि कागद खाली ठेवला. "अगं, हे लिहिणाऱ्याला पगार मिळतो का?"

"बाबा, शेरे नकोत, सगळं रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे की. मी गेल्यावर उंटाला तरी कळेल."

"असलं बोलणार असाल तर मी खोलीतून बाहेर काढीन तुम्हाला," टकळी म्हणाली आणि तिने पाठ फिरवून डोळे पुसले.

रोज थोडीथोडी वाक्यं होत होती. तेवढ्यात डॉक्टरांनी शस्त्रक्रिया आठ दिवस अलीकडे आणली. सोमवारी बाबा शेवटचे बसले. खोकल्याने त्यांना धड दोन वाक्यं सलग वाचता येईनात. टकळीने वहीत आकडा लिहिला, चारशे बारा. एकशे अठ्ठ्याऐंशी राहिली होती आणि ती आता कधीच होणार नव्हती.

बुधवारी बाबांचा आवाज गेला.

३

तिने बुधवार ते शुक्रवार रजा घेतली. पुढच्या सोमवारी सकाळी ती केंद्रात आली तेव्हा नवी डिस्क बंद पडली होती. चालू करून पाहिली तर आतून टक्‌टक्‌ असा आवाज यायचा आणि थांबायचा. बाबांची वाक्यं त्याच डिस्कवर होती.

"बॅकअप आहे ना," केंद्राच्या प्रमुख बाई म्हणाल्या, आणि काळजी न करता चहा प्यायला गेल्या. तुमच्याकडे बॅकअपबाई असताना काळजी कुणी करावी?

टकळीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. कारण तिला एक गोष्ट आठवली होती, जी दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. बॅकअपमध्ये कुठल्या कुठल्या डिस्क घ्यायच्या त्याची एक यादी असते आणि प्रत्येकीपुढे खूण करावी लागते. नवी डिस्क लावली म्हणजे ती आपोआप यादीत जात नाही. ही डिस्क तिने तीन आठवड्यांपूर्वी लावली होती, आणि त्याच दिवशी पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'नव्या डिस्कपुढे खूण करणे.' ती चिठ्ठी अजून स्क्रीनच्या कडेला चिकटलेली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! अकरा वर्षांत एक चूक, आणि तीही बापाच्या आवाजाच्या बाबतीत.

ती खुर्चीत बसली. बाबांना काय सांगायचं? ते आता पाटीवर लिहून बोलायचे. तोंडाने सांगायला निदान तिच्याकडे तोंड तरी होतं.

शेवटी तिने यादी उघडली. नव्या डिस्कपुढे खूण होती.

टकळी दोन्ही हातांत तोंड लपवून रडली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी समजलं. "देव तुझं भलं करो," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग डोळे पुसून तिने लॉग बघितला, म्हणजे कोणी कधी काय केलं त्याची नोंद. डिस्क लावली त्याच दिवशी खूण झाली होती, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, टकळीच्याच पासवर्डने. त्या दिवशी बाईंचा वाढदिवस होता. एक वाजून दहा मिनिटांनी टकळी जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर केक कापत होती. तिच्या हाताला क्रीम लागल्याचा फोटोही फोनवर होता, वेळेसकट.

माणूस विसरतो, ती मनाशी म्हणाली. घड्याळं पुढेमागे होतात. आंबा हाती लागला तर झाड कुणी लावलं हे विचारत बसू नये.

४

दुपारी तिने एकचा बॅकअप थांबवला आणि बाबांची वाक्यं दुसऱ्या डिस्कवर परत आणली. एकन् एक फाइल धड आली. तिने आकडा बघितला.

चारशे पन्नास.

वहीत चारशे बारा होता, तिच्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारलेला. तिने वरची अडतीस वाक्यं वेगळी काढली. एकोणीस गुरुवारची आणि एकोणीस शुक्रवारची. सगळी दुपारी एक ते दोनच्या मधली. गुरुवारी दुपारी एक वाजता बाबा अतिदक्षता विभागात होते. गळ्याला भोक आणि नाकात नळी.

टकळीने हेडफोन लावले आणि चारशे तेरावं वाक्य ऐकलं.

"पिवळ्या फडक्यात चार लिंबं बांधली."

आवाज बाबांचा होता. पण घोगरा नव्हता. ती शाळेत असताना घराच्या दारातून हाक मारायचे तो, स्वच्छ आणि भरदार. दहा वर्षांत तो आवाज तिने ऐकला नव्हता आणि आपण तो विसरलोय हेही तिला माहीत नव्हतं. तिने ते वाक्य पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. तिसऱ्या वेळी तिचं लक्ष वाक्यानंतरच्या जागेकडे गेलं. तिथे आधी काचेला टेबलाचा स्पर्श झाल्यासारखा बारीक आवाज होता. मग घोट.

प्रत्येक वाक्यानंतर एक घोट. अडतीस वाक्यं, अडतीस घोट.

५

"मावशी, माझ्या रजेत त्या खोलीत कोणी बसलं होतं का?"

"कोणी नाही, ताई. अपॉइंटमेंटच नव्हत्या. मी आपली तुमच्या नियमाप्रमाणे रोज ग्लास भरून ठेवत होते." मावशींनी फरशीचं फडकं पिळलं. "आणि दोन वाजता अर्धा ग्लास ओतून देत होते."

"अर्धा? तुम्ही प्यायलात ना? खरं सांगा, मी काही बोलणार नाही."

"मी कशाला पिऊ?" मावशी चिडल्या. "माझी बाटली आहे की माझ्याकडे! आणि जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीत जात नाही."

"का?"

मावशींनी बादली उचलली. "कोणी काम करत असलं की आपण मध्येमध्ये करू नये," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मंगळवारी टकळीने बॅकअप झाल्यावर पुन्हा आकडा बघितला. डिस्कवर चारशे पन्नास आणि बॅकअपमध्ये चारशे एकोणसत्तर. आता सांगा, बॅकअप म्हणजे जे आहे त्याची प्रत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिने एकेक शक्यता बोटावर मोजली: जुन्या फाइलींचे तुकडे, कुणाची थट्टा, सॉफ्टवेअरमधली गडबड. गडबड झाली तर फाइली हरवतात. रोज एकोणीस, क्रमाने, न चुकता, अशी गडबड तिने अकरा वर्षांत बघितली नव्हती.

ती भ्यायली का? भ्यायली तर. हात गार पडले होते. पण त्या गार हातांनीच तिने नवी एकोणीस वाक्यं नीट जपून ठेवली, एक सोडून दोन जागी.

६

हॉस्पिटलात बाबांना पाणी बंद होतं. दहा दिवस घोटभरही तोंडाने द्यायचं नाही, सगळं नळीतून. पहिल्या रात्रीनंतर ते पाटीवर एकच शब्द लिहायचे, 'पाणी.' पुसायचे आणि परत लिहायचे. नर्स ओठांवरून ओला कापूस फिरवायची आणि बाबा तिच्याकडे असे बघायचे की टकळीला बाहेर जावं लागायचं.

बुधवारी संध्याकाळी मात्र ते शांत पडले होते. पाटीवर लिहिलं, 'दुपारी तहान जाते.'

"म्हणजे?"

'एक वाजला की. कोणीतरी पाजल्यासारखी.'

टकळीने सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, खूण, केक, लिंबं, घोट. फोनवर आणलेलं चारशे तेरावं वाक्य त्यांच्या कानाला लावलं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मग बराच वेळ लावून पाटीवर लिहिलं.

'मी एवढं सरळ कधी वाचलं नाही.'

"मी बंद करू का बाबा? त्या खोलीला कुलूप लावते. ग्लास ठेवत नाही."

बाबांनी तिचं मनगट पकडलं. दुसऱ्या हाताने घाईघाईत लिहिलं, 'वाचू दे. ग्लास भरून ठेव.' आणि खाली, छोट्या अक्षरात, 'थँक्यू म्हण.'

७

म्हणून गुरुवारी टकळी जेवायला गेली नाही.

पाऊण वाजता तिने ग्लास भरला. काचेच्या खोलीचं दार लावलं आणि बाहेर, रेकॉर्डिंगच्या टेबलाशी बसली. तिथे दोन खुर्च्या असतात, एक मशीन चालवणाऱ्याची आणि एक बरोबर आलेल्या नातेवाइकाची. समोर ती मोठी काच. बाहेर दिवा लावलेला असला की काचेत आतली खोली दिसते आणि तिच्यावर आपलं प्रतिबिंबही दिसतं, एकावर एक. माइक बंद होता. त्याची वायर तिने स्वतः काढून खिशात घातली होती.

एक वाजला. स्क्रीनवर बॅकअप सुरू झाल्याची पट्टी आली.

आत काहीच झालं नाही. खुर्ची, माइक, वाक्यांचा कागद. जेवणाच्या खोलीतून बाईंचं हसणं ऐकू येत होतं. आज कुणीतरी वांग्याची भाजी आणली होती, तिचा वास येत होता. टकळीला स्वतःचं हसू आलं. बाई गं, भूक लागली की माणसाला काहीही सुचतं.

मग ग्लासातलं पाणी उतरलं.

ग्लास जागचा हलला नाही. कोणी उचलला नाही, वाकवला नाही. पाणी मात्र केसभर खाली गेलं आणि थांबलं. वाक्य वाचायला लागतो तेवढा वेळ गेला. पुन्हा केसभर. टकळी मोजत राहिली, कारण दुसरं काय करावं ते तिला कळत नव्हतं. सातव्या घोटाला तिच्या मानेवर काटा उभा राहिला. आत बघताबघता तिला वाटलं, आपल्या शेजारच्या खुर्चीचा स्पंज हळूच दबला.

आरशात बघ. मान वळवू नकोस.

तिने मान वळवली नाही. काचेत बघितलं. काचेत ती स्वतः होती, आणि शेजारची खुर्ची दिव्याच्या सावलीत होती, वरचं काही दिसत नव्हतं. खाली टेबलाच्या कडेशी मात्र उजेड होता. तिथे एक पाऊल होतं. टाच टेकलेली आणि चवडा किंचित उचललेला, दुसऱ्या ब्रेकवर ठेवतात तसा.

पाऊल बाबांचं नव्हतं. बाबांची पावलं तिने जन्मभर बघितली होती. एवढं एक तिला नक्की कळलं.

"थँक्यू," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, घसा बसल्यासारखा. गेले महिनाभर तो असाच होता, बोलून बोलून. "बाबांनी सांगितलंय. आणि माझ्याकडूनही. खूप खूप थँक्यू."

पाऊल हललं नाही. आतलं पाणी आणखी केसभर उतरलं. टकळी डोळे मिटून बसून राहिली, दोन वाजता मावशींनी दार ठोठावेपर्यंत.

८

पुढच्या गुरुवारी सहाशे पुरी झाली. शेवटच्या दिवशी सतराच होती, बरोबर राहिलेली तेवढी. एकही जास्त नाही.

बाबांचा आवाज तयार व्हायला एक रात्र लागली. शुक्रवारी टकळी फोन घेऊन हॉस्पिटलात गेली. बाबा एका बोटाने टाइप करत बसले आणि ती पलंगाच्या दांड्याला धरून उभी राहिली. फोन बोलला, स्वच्छ आणि भरदार आवाजात.

"उंटाला छत्री कशाला, हे मला अजून कळलेलं नाही."

नर्स हसली. टकळी हसली, आणि हसताहसता बाबांच्या उशीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. बाबा तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. मग दुसऱ्या हाताने परत टाइप केलं.

"रडू नकोस, टकळे. नर्सला वाटेल आवाज आवडला नाही."

त्यांच्या आवाजात ते नाव ऐकलं आणि तिला वाटलं, जगाकडून आता आपल्याला काही नको.

९

सोमवारी दुपारी तिने बॅकअप तपासला. निव्वळ सवयीने. बाबांच्या फोल्डरमध्ये सहाशेच होती.

त्याच्या खाली एक नवा फोल्डर होता. नाव, 'टकळी.'

केंद्रात हे नाव कुणाला माहीत नव्हतं. आत एकच फाइल होती, पहिल्या नंबरची. तिने हेडफोन लावले.

"सकाळी उठून मी खिडकी उघडली."

यादीतलं पहिलं वाक्य. आवाज तिचा होता. ती त्या खोलीत माइकसमोर कधीही बसली नव्हती. आवाज महिन्यापूर्वीचा होता, घसा बसायच्या आधीचा, मोकळा. आणि वाक्यानंतर घोट नव्हता. नुसतीच शांतता होती, कोणीतरी वाट बघत थांबल्यासारखी.

टकळीचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

तिने बाबांपासून काही लपवलं नाही. बाबा आता घरी आले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि फोन हातात घेतला.

"ब्रेक लागलाय," फोन म्हणाला. "उतर खाली आणि बघ पुढे काय आहे. उद्याच."

१०

घशाच्या डॉक्टरांनी तिला तपासणीच्या खोलीत बसवलं. भिंतीला लागून दोन खुर्च्या, एका खुर्चीवर ती. दुसरीवर कोणी नव्हतं. शेजारच्या छोट्या टेबलावर नर्सने पाण्याचा भरलेला ग्लास ठेवला आणि बजावलं, "अर्धा तास तरी प्यायचं नाही हं. घसा बधिर केलाय, ठसका लागेल."

डॉक्टरांनी नळीच्या टोकाच्या कॅमेऱ्याने आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नळी बाहेर काढून ते स्टुलावर बसले.

"स्वरतंतूवर एक ठिपका आहे," ते म्हणाले. "मोहरीएवढा. तपासायला पाठवू, पण दिसतंय मला काय आहे ते. घाबरू नका. वेळेत आलात म्हणून सांगतो, हा काढून टाकला की संपलं. आवाज राहील तुमचा. सहा महिन्यांनी आला असतात तर तुमच्या वडिलांसारखं झालं असतं."

टकळीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"मला एक कळत नाही," डॉक्टर कागदावर लिहीत म्हणाले. "दुखत नाही, खुपत नाही. नुसता घसा बसलाय म्हणून इतक्या लवकर कोणी माझ्याकडे येत नाही. तुम्हाला पाठवलं कोणी?"

एरवी ती तासभर बोलली असती.

"शेजारी बसतात, त्यांनी," ती बधिर जिभेने म्हणाली.

डॉक्टरांनी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. मग टेबलाकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "अहो, पाणी प्यायलात तुम्ही? नर्सने सांगितलं नव्हतं का?"

ग्लास अर्धा झाला होता.

"सांगितलं होतं," टकळी म्हणाली. तिने मान वळवली नाही. उठून ग्लास घेतला, कोपऱ्यातल्या नळाखाली काठोकाठ भरला आणि परत त्या खुर्चीजवळ नेऊन ठेवला.